वारशाचे देणे

जुने गाव पाहायचे तर ते पायी पाहावे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. कारण विचारले की ते व्यायामाचे नाव घेतात, नाहीतर मोकळ्या हवेचे. मला ही दोन्ही कारणे फारशी पटत नाहीत. व्यायाम घरच्या गच्चीवरही होतो, आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेची हवा मोकळी आहे असे ज्याला वाटते त्याने ती एकदा पोटभर घेऊन पाहावी. पायी जाण्याचे खरे कारण वेगळे आहे. मोटारीतून जाणारा माणूस आपल्याला हवी तेवढीच स्थळे निवडतो. एके ठिकाणी उतरतो, फोटो काढतो, दार लावून घेतो आणि दुसऱ्या ठिकाणी उतरतो. मधला मुलूख त्याच्या लेखी नसतोच. पायी जाणाऱ्याला अशी निवड करता येत नाही. वाड्याचा दिंडीदरवाजा आणि त्याच वाड्याच्या मागल्या बोळातली मोरी ही दोन्ही त्याला ओलांडावी लागतात. गाव ज्या क्रमाने वसले आहे त्याच क्रमाने त्याच्यापुढे येते. त्याच्या आवडीनिवडीची ते वाट पाहत नाही.

इतिहासाच्या बाबतीत आपण सारे मोटारीतून हिंडणारे प्रवासी आहोत, असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे. शिवराज्याभिषेकापाशी आपण उतरतो आणि मग दार लावून घेतो ते थेट स्वातंत्र्यापर्यंत, किंवा ज्याची त्याची जी आवडती स्थळे असतील तिथपर्यंत. हा केवळ अज्ञानाचा प्रश्न नाही. यात एक नीतीचा प्रश्न दडलेला आहे, आणि तो माझ्यापुढे पुस्तकातून न येता पाच मैलांच्या एका वाटेवर आला. तोच मला वाचकांपुढे ठेवायचा आहे. सणाचे दिवस आहेत, फराळाचे ताट पुढे आहे. अशा वेळी असला विषय काढणे कुणाला रुचणार नाही हे मी जाणतो. पण घरातली सारी पिढ्यांची माणसे एकत्र बसलेली अशी वेळ वर्षातून किती वेळा येते?

गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही घरची सहा माणसे दासगावहून महाडला पायी गेलो. मी, आमची सौ., मुलगा, धाकटी बहीण, तिचे यजमान आणि अकरा वर्षांची नात. बहिणीचे यजमान निवृत्त वकील. त्यांना घरात सगळे ‘वकीलसाहेब’ म्हणतात. निवृत्तीचा परिणाम त्यांच्या उत्पन्नावर झाला आहे, बोलण्यावर झालेला नाही. माझे आजोळ महाडचे. तिथले घर केव्हाच मोडले, माणसे मुंबईला गेली. मुलांना ते गाव एकदा दाखवावे एवढाच बेत होता. दासगावहून चालत जाण्याची कल्पना मात्र माझी.

दासगाव हे सावित्रीच्या काठचे जुने बंदर. मागे डोंगर, त्या डोंगरावर दौलतगड नावाचा लहानसा किल्ला, पुढे खाडी. सडका झाल्या नव्हत्या त्या काळी मुंबईची माणसे नि माल खाडीने इथवर येई आणि इथून पुढे महाडला जाई. आज बंदर म्हणून दाखवावे असे फार काही उरलेले नाही. खाडी आहे, चिखल आहे, दोनचार होड्या आहेत. २००५ सालच्या जुलैत या गावावर, आणि जुई, कोंडिवते, रोहन या शेजारच्या गावांवरही, डोंगर खाली आला आणि झोपेत, जेवणात, पावसाच्या आडोशाला बसलेली माणसे गाडली गेली. गावात शिरताना आमचा आवाज आपोआपच उतरला.

२४ डिसेंबर १९२७ रोजी ‘पद्मावती’ बोटीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दासगाव बंदरात उतरले. किनाऱ्यावर सत्याग्रही त्यांची वाट पाहत उभे होते. तिथून ही सारी मंडळी पाच मैल चालत महाडला गेली. आम्ही चाललो ती वाट हीच. तीवर आता चौपदरी रस्ता झाला आहे आणि मालमोटारी अंगावरून गेल्यासारख्या जातात, तरी डोंगर तोच आहे आणि उजव्या हाताची नदीही तीच आहे.

ही गोष्ट मी नातीला चालता चालता सांगत होतो. दासगावचेच एक मूल होते, हेही सांगितले. रामचंद्र बाबाजी मोरे त्याचे नाव, जन्म १९०३ चा. मुलगा हुशार, शिष्यवृत्ती मिळवलेली. पण अस्पृश्य म्हणून महाडच्या शाळेत त्याला प्रवेश मिळेना. तेव्हा या अकराएक वर्षांच्या पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहून दाद मागितली. पुढे महाडची पहिली परिषद भरवण्यात जे पुढे होते त्यांत हे मोरे होते. “माझ्याएवढा होता?” नातीने विचारले. तुझ्याएवढाच, असे म्हटल्यावर ती बराच वेळ गप्प चालत राहिली. पत्र लिहिणे हा आपल्या काळात मागे पडलेला उद्योग असल्यामुळे तिला त्याचे जास्तच नवल वाटले असावे.

महाड जवळ आले की डाव्या हाताला गांधारपाल्याची लेणी लागतात. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. पण आपल्याकडे डोंगरात कोरीव काम दिसले आणि कुणी केले ते आठवले नाही की ते पांडवांच्या नावावर टाकायची पद्धत आहे. बिचारे बारा वर्षांच्या वनवासात एवढी लेणी खोदून वर दमयंतीच्या नि सावित्रीच्या गोष्टी ऐकायला मोकळे कसे राहिले, हे व्यासांनाच ठाऊक. इथल्या एका लेण्यात कुमार काणभोज विष्णुपालित याचा लेख आहे. दान काय दिले ते त्यात मांडले आहे: लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, पाण्याच्या दोन पोढी, आणि वाट. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. वरून सावित्री आणि गांधारीचे खोरे दिसते. आम्ही तिथे दशम्या नि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, बाटल्यांतले पाणी प्यालो, आणि खाली उतरून गांधारी ओलांडून गावात शिरलो.

जुन्या बाजारपेठेतून चवदार तळ्याकडे जाताना वकीलसाहेबांनी नातीला सारी हकीकत तारखांसह सांगितली. या बाबतीत त्यांचा हात धरणारा कोणी नाही. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला की, सार्वजनिक पैशातून बांधलेली वा राखलेली पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्यांना मोकळी असावीत. त्याला अनुसरून १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर. तळ्यावर जायला मात्र कुणाची छाती झाली नाही. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात परिषद भरली, आणि २० तारखेला आंबेडकर व त्यांच्यामागून हजारो माणसे शिस्तीने चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. बस्स, एवढेच घडले. मग अफवा उठली की, आता ही माणसे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव निघाला. जेवायला बसलेल्या, गावी परत निघालेल्या लोकांना रस्त्यात गाठून मारले. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. पुढे तळे ‘शुद्ध’ करण्यात आले: एकशे आठ घागरी पाणी उपसले, दूध, दही, शेण आणि गोमूत्र पाण्यात सोडले, मंत्र म्हटले. ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर काही मंडळींनी दिवाणी कोर्टातून मनाईहुकूम आणला. म्हणून त्या खेपेला तळ्यावर कुणी गेले नाही. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. ज्या जागेवर मांडव घातला ती एका मुसलमान गृहस्थाने दिली होती. खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबईच्या हायकोर्टाने निकाल दिला की, अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अनादी काळापासूनची वहिवाट फिर्यादींना सिद्ध करता आलेली नाही. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. यांनीच १९२२ साली अहमदाबादला महात्मा गांधींना सहा वर्षांची सजा सुनावली होती.

तळ्याला आज चारी बाजूंनी बांधीव काठ आहे आणि बाबासाहेबांचा पुतळा आहे. दर वर्षी २० मार्चला इथे दूरदूरहून माणसे येतात. आम्ही गेलो त्या दिवशी दुपारची वेळ, फारसे कोणी नव्हते. एक कुटुंब आपल्या लहान मुलाला पायरीवर उभे करून फोटो काढत होते. मुलाच्या आईने वाकून हात पाण्याला लावला आणि तो मुलाच्या डोक्यावरून फिरवला. नात ते पाहत राहिली आणि मग तिने मला विचारले, “आजोबा, तेव्हा आपण कुठे होतो? पाणी पिणाऱ्यांत, की मारणाऱ्यांत?”

मी म्हणालो, “त्या वेळचे लोक अज्ञानी होते.” हे उत्तर नव्हते, हे तिच्याही ध्यानात आले. “पण आपण कुठे होतो?”

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. पुष्कळ भाषांत या दोहोंना एकच शब्द असतो. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. लहान मूल ‘आपण’ म्हणते तेव्हा ते आपल्याला आणि आजोबांना आणि आजोबांच्या आजोबांना एका पंगतीत बसवत असते. ही पंगत आम्हीच तिला शिकवली होती. वर्षभरापूर्वी आम्ही रायगडावर गेलो होतो. तिथे होळीच्या माळावर उभे राहून माझ्या मुलाने तिला सांगितले, “१६७४ साली इथे आपला राजा सिंहासनावर बसला. आपण मोगलांना पुरून उरलो.” कुणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. आमच्या घराण्यातला कोणी त्या दिवशी गडावर होता असा कोणताच पुरावा नाही. असलाच तर खाली पाचाडला कुणाच्या तरी घोड्याला दाणा घालत असेल. तरीही ‘आपण’ हा शब्द तिथे सहज आला. मग चवदार तळ्याच्या पायरीवर ‘आपण’चे एकाएकी ‘त्या वेळचे लोक’ कसे झाले? रायगड आणि हे तळे यांच्यात पंचवीस किलोमीटरांचे अंतर आहे. तेवढ्यात आमचे सर्वनाम बदलले.

वकीलसाहेब पुढे आले. “दादा, पोरीच्या डोक्यात हे कशाला भरता? तिच्या खापरपणजोबाने दगड मारला असेल, नसेल. बापाने खून केला म्हणून मुलाला फाशी देत नाहीत. अपराध वारशाने येत नाही, हे सगळ्या जगाचे न्यायशास्त्र आहे.”

हे म्हणणे बिनतोड आहे, आणि ते सोडून देण्यासारखे मुळीच नाही. अपराध वारशाने येतो असे मानले तर मग जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याचीच रीत आपण मागल्या दाराने घरात घेऊ, आणि त्याच रीतीविरुद्ध तर या तळ्याचे पाणी प्याले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांच्यापुढे हाच पेच होता. १९४६ साली त्यांनी अपराधाच्या प्रश्नावर एक लहानसे पुस्तक लिहिले आणि त्यात जबाबदारीचे निरनिराळे प्रकार वेगळे केले: कायद्याचा अपराध एक, नागरिक म्हणून येणारी जबाबदारी दुसरी, आपल्या विवेकापुढची तिसरी, आणि माणूस म्हणून माणसाची साथ न दिल्याची चौथी. सबंध राष्ट्राला फौजदारी अर्थाने गुन्हेगार ठरवता येत नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितले. पण तेवढ्याने माणूस सुटत नाही, हेही सांगितले.

आपल्याला मात्र यासाठी जर्मनीपर्यंत जायचे कारण नाही. मी वकीलसाहेबांना विचारले, “अपराध येत नाही हे कबूल. कर्ज येते का?”

वकिलाला कायद्याचा प्रश्न विचारला की तो आपण कोणत्या पक्षाचे आहोत ते विसरतो. तळ्याच्या काठी बसून त्यांनी मला सांगितले ते असे. जुन्या हिंदू कायद्यात बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे पवित्र कर्तव्य मानलेले होते. बापाने ते जुगारासाठी, दारूसाठी किंवा असल्याच निंद्य कामासाठी काढलेले असेल तर मुलगा बांधलेला नसे, एरवी असे. मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्याने त्याला मर्यादा पडली: वारसाने जेवढी मालमत्ता घेतली असेल तेवढ्यापुरतेच त्याने देणे द्यायचे, स्वतःच्या कमाईतून नव्हे. आणि २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा, तिच्यापुढे काढलेल्या कर्जांपुरते, हे पवित्र कर्तव्यच कायद्यातून गेले. “म्हणजे आता तुम्ही मोकळे,” असे म्हणून ते हसले.

पण मला त्यांच्या सांगण्यातला मधला टप्पा फार मोलाचा वाटला. जेवढे घेतले तेवढे द्यायचे. ज्याने वारसा घेतलाच नाही त्याच्या दारात सावकार जाऊ शकत नाही. एखादा माणूस म्हणाला, “मी जन्मलो तेव्हापासून माझा हिशेब, रायगडही माझा नाही आणि ज्ञानेश्वरीही माझी नाही, माझ्या आधीच्यांनी केलेल्या कशाचाही मला अभिमान नाही,” तर चवदार तळ्यापाशी त्याला कुणी अडवू नये. त्याचे म्हणणे कोरडे असेल, पण सरळ आहे. मात्र ज्याने तिजोरी उघडून दागिने काढून घेतले, त्याला त्याच तिजोरीतल्या कर्जरोख्यांवर ‘हे माझे नव्हेत’ असे म्हणता येणार नाही. अभिमान आणि लाज या दोन गोष्टी एकाच दस्तऐवजाने येतात. मी न बांधलेल्या गडाने माझी छाती फुगत असेल, तर मी न मारलेल्या दगडाने माझी मान थोडी खाली झाली पाहिजे. एवढीच माझी मागणी आहे, आणि ती मला तर्काची वाटते, भावनेची नव्हे.

यावर एक नेहमीचा बचाव येतो: काळच तसा होता. हा बचाव महाडात तरी टिकत नाही. नगरपालिकेने तळे खुले केले ते १९२४ साली, आणि ठराव मागे घेतला तो १९२७ साली. दोन्ही वेळा काळ तोच, गाव तेच, आळ्या त्याच. नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस परिषदेच्या बाजूने उभे राहिले; अनंतराव चित्रे राहिले; मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे स्वतः ब्राह्मण होते. त्यांनाही घरे होती, सोयरे होते, लोकांत बसायचे-उठायचे होते. त्यांचा आणि काठी घेऊन निघालेल्या माणसाचा काळ एकच होता. म्हणजे निवड करता येत होती, आणि काहींनी ती केली.

ही नावे ऐकताच माझी बहीण म्हणाली, “मग आपली माणसेही त्यांच्या बाजूला होती की!” पाहा, ‘आपण’ परत आले. टिपणीस, चित्रे, सहस्रबुद्धे एकदम आपले झाले. मारणारे मात्र अजून ‘ते’च होते. सर्वात गोड फसवणूक ती हीच, आणि सुशिक्षित घरांत ती फार चालते. हजारांतल्या तिघाचौघांनी जे केले त्याच्या पुण्याईवर आपण साऱ्या आळीचा हिशेब चुकता करून टाकतो. आमच्या आजोळच्या माणसांविषयी घरात पुष्कळ आठवणी सांगतात. पणजोबांचा दमा, त्यांची बैठकीची शिस्त, पणजीच्या हातचे फणसाचे सांदण, सावित्रीच्या पुरात अंगणात आलेली मगर. १९२७ च्या मार्च महिन्याविषयी मात्र एक अक्षर नाही. गावातली एवढी मोठी घटना; पाचशे पावलांवर ती घडली; आणि मगर आठवते, ती आठवत नाही. यावरून मी त्यांना गुन्हेगार ठरवत नाही. पण ते टिपणिसांच्या शेजारी उभे असते तर ती गोष्ट आमच्या घरात शंभर वेळा सांगितली गेली असती, एवढे मला कळते.

उलट बाजूचीही एक फसवणूक आहे. लाज मिरवण्याचीही चैन असते. सभेत उभे राहून आपल्या पूर्वजांची पापे मोठ्याने सांगायची, ऐकणाऱ्यांनी ‘काय हा प्रांजळपणा’ म्हणायचे आणि आपण अधिकच उंच होऊन खाली बसायचे. या लाजेचा उपयोग तिच्या धन्याखेरीज कुणालाच होत नाही. कर्ज फेडायचे असते. त्याचे अभंग गायचे नसतात. आणि ते फेडायची जागा बहुतेक वेळा फार क्षुद्र, घरगुती असते. शहरांतल्या कितीतरी इमारतींत घरकामाला येणाऱ्या बायकांना रहिवाशांच्या लिफ्टमधून जाऊ देत नाहीत. कितीतरी घरांत त्यांचा चहाचा कप वेगळ्या फळीवर असतो. एकशे आठ घागरींची गोष्ट ऐकून ज्याला हसू येते, त्याने आपल्या स्वयंपाकघरातली ती फळी पाहावी. मंत्र तेवढे म्हणत नाहीत, इतकाच फरक.

जर्मनीतल्या एका रिवाजाविषयी मी त्या दिवशी मुलाला सांगितले. गुंटर डेम्निग नावाच्या कलावंताने १९९० नंतरच्या काळात तो सुरू केला. ज्या घरातून ज्यूंना आणि इतरांना नाझींनी धरून नेले, त्या घरापुढच्या फरसबंदीत पितळेच्या तोंडाचा एक लहान चौकोनी दगड बसवायचा आणि त्यावर त्या माणसाचे नाव, जन्मसाल आणि त्याचे पुढे काय झाले ते कोरायचे. मोटारीतून ते दगड दिसत नाहीत. चालणाऱ्याच्या पायात येतात, वाचायला वाकावे लागते. मुलगा म्हणाला, “आपल्याकडे असे केले तर रस्ताभर पितळच होईल.” तो गमतीने म्हणाला, पण मग कोणीच हसले नाही.

सहलीविषयीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण आम्ही अखेर सहलीलाच गेलो होतो. डिसेंबरची परिषद आटोपल्यावर बाबासाहेब सहकाऱ्यांबरोबर रायगड पाहायला गेले. तळ्याला जाण्याची मनाई झालेला माणूस शिवछत्रपतींच्या गडावर गेला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. त्यांनी तो वारसा आपला मानला होता, आणि त्याबद्दल कुणाची परवानगी मागितली नव्हती. पुढे १९३४ साली ते आणि चळवळीतले तीसेक सोबती वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. हा मुलूख तेव्हा निजामाचा. रमजानचे दिवस होते. किल्ल्याच्या दारापाशी पाण्याने भरलेले लहानसे तळे होते. प्रवासाने धुळकटलेल्या काहींनी त्यात हातपाय-तोंड धुतले. एवढ्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की, यांनी तळे बाटवले. माणसे जमली, हमरीतुमरी झाली. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती अशी की, सोबत एक हत्यारबंद शिपाई चालेल आणि कुणी कुठल्या पाण्याला हात लावत नाही ना यावर नजर ठेवील. आंबेडकरांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. महाडात ज्यांनी दारे उघडली त्यांचेच धर्मबांधव दौलताबादेत काठावर उभे होते. म्हणजे एका कुठल्या समाजाच्या कपाळी शिक्का मारून ही गोष्ट मिटवता येत नाही.

ती हकीकत मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला ते भांडण तितके आठवत नाही, जितके त्यांचे पुढचे चालणे आठवते. तीस माणसे, ऐतिहासिक किल्ला, बरोबर शिपाई. ते काय पाहू शकले असतील? भिंतीवरचे नक्षीकाम, खंदकाची खोली, यांतले काही त्यांच्या डोळ्यांत शिरले असेल का? गांधारपाल्याच्या लेण्यात आम्ही दशम्या खाऊन बाटल्या तोंडाला लावल्या, उरलेल्या पाण्याने हात धुतले. तहान लागली तर पाणी कुठे मिळेल एवढाच प्रश्न आमच्यापुढे होता. मिळालेले पाणी पिऊ देतील का, हा नव्हता. निर्धास्तपणे भटकणे, जुन्या वास्तूंपुढे उभे राहून हरखून जाणे, कंटाळणे, पाय दुखले म्हणून कुरकुरणे, हाही आमच्याकडे आलेला वारसाच आहे, आणि तो यादीत कुणी लिहीत नाही.

नातीला मी त्या पायरीवर जे उत्तर दिले ते तिच्या वयाला पेलेल असे होते की नाही कोण जाणे. मी म्हणालो, “आपण पाणी पिणाऱ्यांत नव्हतो. मारणाऱ्यांत होतो की दार लावून घरात बसलो होतो, ते मला ठाऊक नाही. बहुधा घरात बसलो होतो.” ती म्हणाली, “घरात बसून काय करत होतो?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्या सौ. म्हणाल्या, “ऐकत असतील, बाळ. बाहेरचा आवाज.” मग आम्ही स्टँडवर जाऊन चहा घेतला. वकीलसाहेबांच्या बुटाचा तळ सुटला होता, त्यांनी तो सुतळीने बांधला.

या दिवाळीत आमच्या अंगणात नेहमीप्रमाणे मुलांचा किल्ला झाला आहे. माती, विटा, पोती, वर हळीव पेरलेले. दर वर्षी तो रायगड असतो, यंदाही आहे. फक्त खाली, पायथ्यापासून वीतभर अंतरावर, नातीने एक पसरट ताटली मातीत पुरून तिच्यात पाणी भरले आहे आणि भोवती पायऱ्या केल्या आहेत. धाकटी मुले तिच्यात कागदाच्या होड्या सोडतात, ती त्यांना रागावत नाही. काल ती माझ्याबरोबर बाजारात मातीची चित्रे घ्यायला आली होती. मावळे होते, तोफा होत्या, वाघ, गवळण, शेतकरी, पोलीससुद्धा होता. कोट घातलेला, काठावर बसून ओंजळीत पाणी घेतलेला माणूस कुठल्याच टोपलीत नव्हता. तिने चार दुकाने पाहिली. शेवटी थोडी शाडूची माती मागून घेतली. ती आता न्हाणीघराच्या उंबऱ्याशी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहे.